गरम प्लग

आमच्या वन्संच्या शेडमध्ये बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर कायम कुठल्यातरी इंजिनाचं झाकण ठेवलेलं असतं. म्हणजे आलेल्यानं उभ्याउभ्या बोलावं आणि चालू लागावं. मी मात्र ते झाकण उचलून खाली ठेवते आणि ऐसपैस बसते. भावजयीला एवढा तरी हक्क हवा. "ठेवलंस खाली? छान. आता त्याच्यावर पायही दे," असं त्या मान वर न करता म्हणतात. मी पाय देत नाही. इतकी वर्षं आमचं हे असंच चाललंय.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हल्ली वन्सं कुणी म्हणत नाही, सगळ्याजणी ताई म्हणतात. पण मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "मला वन्सं-बिन्सं म्हणू नकोस, म्हातारी झाल्यासारखं वाटतं." झालं. तेव्हापासून मी त्यांना दुसरं काही म्हटलेलं नाही.

नदीच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं बघणारी ही एकच बाई. वडील बोट चालवायचे, त्यांच्याकडून हे काम उचललं. नाववाले तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे ठिणगी. ते नाव त्यांच्या कामावरून पडलं की स्वभावावरून, हे कुणी सांगत नाही, आणि विचारायची कुणाची छाती नाही. लग्न केलं नाही. स्थळं येत होती. एका मुलाच्या आईनं विचारलं, मुलीच्या नखांत हे काळं काय? वन्सं म्हणाल्या, कार्बन. बोलणी तिथेच संपली.

त्यांना प्लग बदलताना बघावं. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावत नाहीत, कारण गरम असताना पाना फिरवला तर आटे जातात. आधी भोवतालची धूळ ब्रशनं झाडतात, नाहीतर प्लग निघाला की कचरा थेट आत. रबरी टोपी धरून हलकेच फिरवत काढतात. कुणी वायर धरून ओढताना दिसला तर त्याची काही धडगत नाही. "तुला कानाला धरून खुर्चीतून उठवलं तर चालेल का?" असं एका चांगल्या दाढीमिश्यांच्या माणसाला म्हणाल्या होत्या.

आणि मग गॅप. प्लगच्या टोकाशी मधोमध एक बारीक कांडी असते आणि तिच्यावर एक पट्टी वाकलेली. दोघींच्या मधल्या फटीत ठिणगी पडते. फट जास्त झाली तर ठिणगी पोचत नाही, कमी झाली तर पेट्रोल नीट पेटत नाही. नवाकोरा प्लग असला तरी वन्सं तो तसाच लावत नाहीत. म्हणतात, कारखान्यातून नीट निघाला असेल, पण वाटेत खोकं कुणी कुठे आपटलं ते आपल्याला काय ठाऊक? मग गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातळ पातं आत घालून बघायचं. फट बदलायची तर वरची पट्टीच वाकवायची, मधल्या कांडीला धक्कासुद्धा लावायचा नाही. पातं अडकता कामा नये आणि सुटंही जाता कामा नये. "जरा कुरकुरत गेलं पाहिजे," त्या म्हणतात. "तुझ्यासारखं. कुरकुर करायची, पण जायचं."

जुने प्लग त्या लगेच टाकत नाहीत. उजेडात धरून त्यांचा रंग बघतात. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर इंजिन सुखात आहे. पांढरा पडला असेल तर ते तापतंय. काळा, ओलसर, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल पुरतं जळत नाहीये. त्यावरून त्या नाववाल्यांची फिरकी घेतात. "पांढरा केलायस की रे, कुणाच्या मागे एवढा पळतोयस? घरी सांगू का?" माणूस लाजून हसतो आणि दुसऱ्या दिवसापासून जरा दमानं चालवतो.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे माणसांची बोट चालवतात. आमच्या काठावर घरं आहेत आणि पलीकडे कारखाना, दवाखाना, मोठी शाळा. पूल आहे, पण तो लांब. इकडून तिकडे जायला लोक बोटीतच बसतात. ह्यांना त्या बोटीखेरीज काही येत नाही. खिळा ठोकायला सांगितला तर भिंत पडेल. पण बोटीत उभे राहिले की माणूस दोन बोटं उंच दिसतो. मी लग्नाला हो म्हटलं ते त्यांना बोटीत बघूनच. जमिनीवर बघितलं असतं तर विचार केला असता.

गेल्या वर्षी त्या बोटीचं इंजिन मधेच बंद पडायला लागलं. ऐन नदीत गचके खायचं आणि गप्प. वन्संनी दोन्ही प्लग काढले, तर काळेकुट्ट. नवे घातले, गॅप बघितला. काही दिवस बरं चाललं आणि परत तेच. त्यांनी पेट्रोल-ऑइलचं प्रमाण तपासलं, कार्बोरेटर सगळा सोडवून धुतला, गाळणी बदलली. प्लग पुन्हा काळे. वन्संचं जेवणात लक्ष लागेना. मी वाढायची आणि त्या भाताकडे बघून म्हणायच्या, "हवा तर बरोबर जातेय."

मग एक दिवस बोट पुन्हा अडकली. ओढून आणावी लागली. लोक वैतागले, कारखान्याचा भोंगा चुकला, आणि आमचे हे धक्क्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मी काय करू? ताईचा हात गेलाय आता. तिला जमत नाही."

मी तिथेच होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बहिणीनं तुम्हाला पहिल्यांदा बोटीच्या इंजिनाची मूठ धरायला शिकवलं तिच्याबद्दल असं? मी वन्संकडे बघितलं. म्हटलं आता पाना उडतो. पण त्या ह्यांच्याकडे नुसतं बघत राहिल्या, प्लग बघतात तसं. मग हात पुसले आणि शेडमध्ये गेल्या. त्यानंतर दोघांतिघांनी आपली इंजिनं पलीकडच्या काठावरच्या मेकॅनिककडे न्यायला सुरुवात केली.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल.

वन्सं दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन, डोक्यावरून ओढणी घेऊन, चारचौघींसारख्या बोटीत जाऊन बसल्या. ह्यांना कळलंच नाही. तेच पहिलं खटकलं. सख्खी बहीण डाव्या हाताला बसलीय आणि भावाला पत्ता नाही. बोट निघाली ती रांगत. पूर्वी हे नदीचा मध्य आला की वेग वाढवायला मूठ पूर्ण पिळायचे. आता इंजिन नुसतं पुटपुटत होतं. लोकांना वाटायचं, वय झालं तसा माणूस सांभाळून चालवायला लागलाय. वन्संनी निरखून बघितलं. हे दर थोड्या वेळानं मान पूर्ण डावीकडे वळवत होते, आणि बाकी वेळ कान देऊन उभे. इंजिन मोठं केलं तर दुसऱ्या बोटींचा आवाज येणार नाही, म्हणून ते बारीक ठेवलेलं. आमचे हे ऐकून बोट चालवत होते.

इंजिन सतत असं रांगत ठेवलं की प्लग तापतच नाही, आणि तापला नाही की काजळी जळत नाही. प्लग काळे होत होते ते त्यामुळे. ना गॅपचा दोष, ना ऑइलचा.

कळलं तिथेच बोलायला हवं होतं. माझं आजही तेच म्हणणं आहे. धक्क्यावर उतरल्यावर कॉलर धरून विचारायला हवं होतं, तुला दिसत नाही ना रे? पण ही बाई, जिला सगळा धक्का घाबरतो, ती भावासमोर विरघळली. त्याची बोट काढून घ्यायची तिची हिंमत झाली नाही. तिनं काय केलं, तर गरम प्लग आणले.

गरम प्लग म्हणजे अंगातली उष्णता जास्त वेळ धरून ठेवणारा प्लग. इंजिन हळू चाललं तरी तो तापलेला राहतो आणि काजळी जाळून टाकतो. पण त्याच्यावर इंजिन जोरात पळवलं तर आत इतकी उष्णता होते की पिस्टनला भोक पडू शकतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. म्हणून त्यांनी मूठ जिथे इंजिनाला जोडलेली असते तिथे एक लहानशी लोखंडी कडी बसवली. मूठ कितीही पिळा, इंजिन ठरावीक वेगाच्या वर जाणार नाही. ह्यांना काही सांगितलं नाही. तसेही ते मूठ पिळत नव्हतेच.

बोट सुतासारखी सरळ झाली. एकदाही बंद पडली नाही. हे धक्क्यावर म्हणाले, "बघा, टोचल्यावर कसं नीट काम झालं." वन्सं आपला पाना पुसत होत्या.

आणि मग वाऱ्याची ती दुपार. मी शिवलेले कपडे पोचवायला पलीकडे निघाले होते, बोट भरलेली होती. वारा एवढा की शेजारचीचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मला दिसलं, डावीकडून वाळूचा मोठा तराफा येतोय. दिसला सगळ्यांनाच. आता हे बाजूला घेतील, आता घेतील, म्हणून आम्ही बघतोय, आणि ह्यांची नजर समोर. कुणीतरी ओरडलं. ह्यांनी मान वळवली आणि मूठ करकचून पिळली. इंजिन आपलं पुटपुटतच राहिलं.

तराफ्याचा कोपरा बोटीला घासत गेला. फळी फुटली, पाणी आत आलं, माणसं एकमेकांवर पडली. माझ्या शेजारच्या, कारखान्यात जाणाऱ्या बाईचं मनगट मधे सापडलं आणि मोडलं. तो आवाज मी ऐकलाय. तराफ्यावरच्या लोकांनी आम्हाला वर ओढून घेतलं आणि बोटही आमच्या काठाला ओढत आणली, म्हणून सगळे वाचलो.

धक्क्यावर आल्यावर ह्यांनी सगळ्यांसमोर इंजिनाचं झाकण उघडलं आणि हातानं चाचपत ती कडी काढली. "हे कुणाचं काम?"

"माझं," वन्सं म्हणाल्या.

गर्दीतून नाही नाही ते शब्द आले. माणसांच्या बोटीचं इंजिन बांधून ठेवायचं? वेड लागलंय का हिला? का केलंस, असं चारचारदा विचारलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "नाववाल्यांच्या समितीसमोर सांगेन." ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि हातातल्या कडीकडे बघितलं, आणि मग एकदम पाठ फिरवली. ताईनं आपलं ओळखलंय ते त्यांना कळलं होतं. मी बायको आहे, मला त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळतं.

मी तडक शेडमध्ये गेले. झाकण उचललं नाही, बसले नाही. तेव्हा वन्संनी, मी वर सांगितलं ते सगळं मला सांगितलं.

"मग मी सांगते समितीला," मी म्हटलं. "तुम्ही का म्हणून शिव्या खायच्या?"

"तू बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे."

"का?"

"चूक माझी आहे म्हणून. गरम प्लग घातला, मूठ बांधली, आणि वर माणसं बसू दिली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मीच त्याला नदीत ढकललं असतं." मग म्हणाल्या, "आणि त्याचं त्यानं बोलावं. आपण बोललो तर आपण त्याची बोट घेतली असं होईल. जन्मभर तोंड बघणार नाही आपलं."

घरी आले तर हे कोपऱ्यात बसलेले. मी म्हटलं, "मला कळलंय."

"काय कळलंय?"

"डोळ्यांचं."

त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन आलो होतो. गेलेलं परत येत नाही म्हणाला. राहिलंय ते औषधानं टिकेल." त्यांचा आवाज लहान झाला होता. "उद्या ताई निभावून नेईल काहीतरी. तिला दुसरी कामं आहेत. माझ्याकडे काय आहे?"

मला इतका राग आला आणि इतकी दया आली की दोन्हीचं काय करावं समजेना. मी भांडी घासायला घेतली. स्वच्छ होती तीही घासली.

समिती बसली ती तिकीटखिडकीच्या मागच्या खोलीत. समितीचे अध्यक्ष नाना, स्वतः जुने नाववाले, टेबलाशी उभे. नाववाले भिंतीला टेकलेले. मनगट मोडलेली बाई प्लॅस्टर मांडीवर घेऊन पुढेच बसलेली. बाकावर मी, माझ्या शेजारी वन्सं आणि त्यांच्यापलीकडे हे. म्हणजे वन्सं ह्यांच्या डाव्या हाताला.

नानांनी विचारलं, "ताई, का केलंत?"

"इंजिन जुनं आहे," वन्सं म्हणाल्या. "जोरात पळवलं तर फुटेल असं वाटलं, म्हणून कडी घातली. सांगायचं राहून गेलं."

इतकं खोटं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्या पाठ केल्यासारखं बोलल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. खाली मान. मनातल्या मनात मी म्हणत होते, बोला, अहो बोला, आता नाही तर कधी बोलणार?

प्लॅस्टरवाली बाई वन्संना म्हणाली, "राहून गेलं? माझा हात मोडला आणि तुमचं सांगायचं राहून गेलं?"

"चुकलं माझं," वन्सं म्हणाल्या. हे मात्र खरं होतं आणि ते त्यांनी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

नानांनाही जड जात होतं. त्यांच्या स्वतःच्या बोटीला वन्संनीच हात लावायचा, इतकी वर्षं. पण ते म्हणाले, "मग यापुढे या धक्क्यावरच्या कुठल्याच इंजिनाला तुम्ही हात लावायचा नाही. शेड रिकामी करा."

वन्संनी मान हलवली. "बरोबर आहे."

 त्या शेडमध्ये त्यांचा सगळा जन्म गेलाय. हे अजून खालीच बघत होते.

नानांनी टेबलावरची कडी उचलली, बाकाजवळ आले आणि ह्यांच्याकडे धरली. डावीकडून. "ही तू ठेव. विमावाल्यांना दाखवावी लागेल."

ह्यांनी ती घेतली नाही.

नानांचा हात तसाच राहिला. आधी वाटलं रागानं घेत नाहीत. मग नानांनी हात जरा पुढे केला, ह्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर, तरी ह्यांची पापणीसुद्धा हलली नाही. भिंतीला टेकलेले लोक सरळ उभे राहिले. 

"इकडे द्या," वन्सं घाईघाईनं म्हणाल्या. "मी देते त्याला, द्या इकडे." आणि त्यांनी ती कडी ओढून घ्यायला हात पुढे केला. तो आवाज ऐकून ह्यांनी मान पूर्ण वळवली, आणि तेव्हा त्यांना नानांचा हात दिसला, आणि त्या हाताकडे बघणारी सगळी माणसं दिसली.

"नाना," ह्यांनी विचारलं, "किती वेळ धरलाय हात?"

नानांनी हात खाली घेतला.

"ताई, बास आता," हे म्हणाले आणि उभे राहिले. "मला डावीकडचं दिसत नाही. उजवीकडचंही कमी झालंय. दोन पावसाळे झाले. ऐकून बोट चालवतोय. हळू चालवायचो म्हणून प्लग काळे व्हायचे. हिचा हात गेला असं मी याच धक्क्यावर म्हणालो. हिच्या हाताला काही झालेलं नाही. मला दिसत नाहीये हे हिला कळलं, आणि माझी बोट जाऊ नये म्हणून हिनं हे केलं." मग ते प्लॅस्टरवाल्या बाईकडे वळले. "तुमचा हात माझ्यामुळे मोडला. तराफा मला दिसला नाही."

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तिनं का म्हणावं?

ह्यांनी खिशातून बोटीची किल्ली काढली, चाचपत टेबलाची कड शोधली आणि किल्ली तिथे ठेवली. नाना म्हणाले, शेडचं परत बघू, आज राहू द्या. मला नीट ऐकूही आलं नाही, कारण माझ्या शेजारी वन्सं रडत होत्या. नानांनी शेड काढून घेतली तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, त्या आता हुंदके देत होत्या. "गाढवा," त्या म्हणत होत्या, "गाढवा, सगळं घालवलंस. मी घेतलं होतं ना अंगावर."

हे परत बाकावर बसले.

"रडू नकोस ताई," ते म्हणाले. "तू कुठे बसलीयस तेही मला दिसत नाहीये."

वन्सं उठल्या, ह्यांच्या समोरून गेल्या आणि उजव्या बाजूला जाऊन बसल्या.